माझा राजीनामा आणि पोपटी कपाट

मी नोकरीचा राजीनामा दिला त्या दिवशी आमच्या कारखान्यातल्या चार माणसांनी आपापले गुन्हे कबूल केले. मी एकालाही काही विचारलं नव्हतं.

मी बावणे. शिक्षण चौथी पास, तेही मास्तर कनवाळू होते म्हणून. रायपूर आणि भिलाईच्या मधे कुम्हारीला लोखंडी कपाटांचा एक कारखाना आहे. तिथं सव्वीस वर्षं मी गेटवर बसलो आणि मागचं गोदाम सांभाळलं. राहतो भिलाईत, खुर्सीपारला. आधी सायकलनं जायचो, मग बसनं. (सायकलचं काय झालं ते पुढं येईल. आरोपी सापडला आहे.)

घरात शिकलेलं माणूस एकच, आमची बुढी, म्हणजे बायको. सुमन तिचं नाव, माहेर भंडाऱ्याचं, दहावी पास! रेशनचा फॉर्म, बँकेची चिठ्ठी, माझ्या सुट्टीचा अर्ज, सगळं तीच लिहायची. माझं काम खाली सही करायची, आणि तीसुद्धा ती बोट ठेवील तिथंच. "तुमी तोंड उघडू नका जी, मी लिवून देते," हे वाक्य मी संसारात जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा स्वतःचं नाव ऐकलं नसेल. राजीनाम्याच्या दिवशी ती जाऊन चौदा महिने झाले होते. ती गेली आणि आमचं घर एका दिवसात चौथी पास झालं.

आता कपाटाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापासून सुरू झालं.

ती गेली त्या वर्षी एकदा मी चष्मा घरी विसरलो. बुढी बस पकडून चष्मा द्यायला कुम्हारीला आली. चष्मा दिला, दोन शिव्या दिल्या (माझ्या विसराळूपणाला), आणि सहज गोदामात डोकावली. तिथं एक पोपटी रंगाचं कपाट उभं होतं. एका दारावर माणूसभर आरसा. ती आरशापुढं उभी राहिली, पदर नीट केला, केस सारखे केले आणि म्हणाली, "हे आपलं."

"आपलं कावून? सेठचं आहे."

"सेठले एवढं पोपटी कोठी शोभते? हे आपलंच आहे. दिवाळीले घेऊ."

"घेऊ," म्हटलं.

असं 'घेऊ' मी तिला मिक्सरपासून काशीयात्रेपर्यंत म्हणत आलो होतो. ती मनावर घेत नसे. यावेळी दिवाळीच तिच्यासाठी थांबली नाही. पोळा झाला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं.

तेरवी करून कामावर गेलो तर रायपूरची एक बाई त्याच कपाटापुढं उभी! त्याच आरशात बघून केस सारखे करून राहिली होती! मला म्हणते, "भैया, ये वाला दिखाओ."

"बिक गया," मी म्हटलं. आपोआप निघून गेलं तोंडातून.

बाई गेली. मी पुठ्ठ्याचा तुकडा फाडला, त्यावर मोठ्या अक्षरात 'विका हुआ' असं लिहिलं, आणि दाराचं रबर चिकटवायच्या काळ्या गोंदानं तो आरशावर ठोकून दिला. बरोबर माझ्या डोक्याच्या उंचीला. मग कपाट मागच्या भिंतीपर्यंत ढकललं आणि पुढं एक एक करून दुसरी कपाटं लावली. चौदा महिने. ते कपाट ना विकलं, ना कोणाला दिसलं. जेवणाच्या सुट्टीत मी मागं जाऊन त्याचं दार उघडायचो आणि बंद करायचो. दार करकरत नव्हतं. तरी तेल घालायचो. (मला चोर म्हणा. मी स्वतःला रोज म्हणत होतो.)

एक दिवस गेटवर बसलो होतो. ऑफिसची खिडकी गेटावरच उघडते, आणि श्रीमंत माणसांना वाटतं की खिडकीखाली बसलेल्या गरिबाला कान नसतात. आत छोटे सेठ आणि बडे सेठ, म्हणजे मुलगा आणि बाप, बोलून राहिले होते.

"पापा, महीने के आखिर तक ये गोदाम बंद. नई जगह गेट भी मशीन से खुलेगा. काका को बोल दो."

"तू बोल दे."

"आप बोलो ना! आपके टाइम के हैं."

"मुझसे नहीं होगा."

काका म्हणजे मी. मला दोन गोष्टी समजल्या. एक म्हणजे नोकरी गेली. बुढी गेल्यावर सकाळी उठून जायला तेवढं एकच दार उरलं होतं, तेही आता मशीन उघडणार. पण दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. गोदाम रिकामं होणार म्हणजे पोपटी कपाट बाहेर येणार! ज्या माणसानं सव्वीस वर्षांत कधी माझी पिशवी तपासली नाही, त्याच्या डोळ्यांदेखत मी कपाटचोर ठरणार. नोकरी जाऊ द्या हो. पण चोर म्हणून जायचं?

रविवारी माझी पोरगी मंदा आली. तिला दुर्गला दिली आहे. कपाटाचं मी तिला बोललो नाही, फक्त नोकरीचं सांगितलं.

"बाबा, त्याईनं काढाच्या आधी तुमीच राजीनामा देऊन टाका ना!"

"मी कावून देऊ? काढू दे त्याईले."

"मंग लोक म्हणतीन, बुढ्याले हाकललं. आपण होऊन द्या, गोड बोलून निंघा. उद्या रस्त्यात सेठ भेटला तं मान खाली घालाची पाळी नाही आली पायजे. ना त्याच्यावर, ना तुमच्यावर."

हे मला पटलं. मान खाली घालायची पाळी! त्याचीच तर भीती होती.

"तू लिहून दे मंग."

"माह्या हातचं कावून? तुमच्या हातचं पायजे. मनातून लिवा. भांडण नाही, राग नाही, असं चांगलं लिवा. सेठले वाचता याले पायजे, हिंदीत लिवा."

मंदा गेल्यावर भर दुपारी मी बुढीची पेटी उघडली, तिचा पेन काढला आणि लिहायला बसलो. आयुष्यातला पहिला अर्ज! तीन कागद फाडले. चौथ्यावर हे उतरलं:

'सेठजी को बावणे का नमस्कार. मैं अपनी राजीखुशी से राजीनामा देता हूं. मेरी किसी से शिकायत नहीं. सव्वीस साल में जो हुआ सो हुआ. भूलचूक माफ हो. आगे कोई कारवाई ना हो ये विनंती.'

शेवटची दोन वाक्यं पोपटी कपाटासाठी होती. खाली सही करायला गेलो तर हात थांबला. बोट ठेवायला कोणी नव्हतं. मग अंदाजानं कुठंतरी ठोकून दिली.

सोमवारी सकाळी ऑफिसात गेलो. तिथं मुनीम बसतात, तिवारीजी. त्यांना कागद दिला आणि छाती काढून म्हटलं, "राजीनामा लाया हूं."

मुनीमजींनी कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला, पुसला, लावला, आणि तिसऱ्यांदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

इथं तुम्हाला एक गोष्ट सांगून टाकतो, जी मला त्या दिवशी दुपारपर्यंत कोणी सांगितली नाही. नोकरी सोडायच्या कागदाला आपण मराठीत राजीनामा म्हणतो. हिंदीवाले त्याला इस्तीफा म्हणतात. आणि आमच्याकडच्या हिंदीत राजीनामा म्हणजे काय? तर आधी पोलिसात नाहीतर कोर्टात केस करायची, आणि मग दोन्ही पार्ट्यांनी मिळून 'आमचं मिटलं' असं लिहून द्यायचं, तो कागद! चाळीस वर्षं भिलाईत काढून मला हे माहीत नव्हतं. कारण मी कधी नोकरी सोडली नाही, कधी कोर्टात गेलो नाही, आणि कागदाचं सगळं बुढी बघायची.

"बावणे," मुनीमजी हळू आवाजात म्हणाले, "केस कब किया?"

"केस?" माझा हात आपोआप टकलावर गेला.

"मतलब, ये राजीनामा ही है ना?"

"हां. राजीनामा ही है."

"किसके साथ?"

मला वाटलं, अजून कोण कोण नोकरी सोडून राहिलं ते विचारतात. म्हटलं, "किसी के साथ नहीं. मैं अकेला हूं."

"अरे, सामनेवाले का नाम तो लिखा ही नहीं!"

"नाम क्या लिखना? जिसको समझना है वो समझेगा."

(मला म्हणायचं होतं, सेठ समजून घेतील. पण बुढी म्हणायची तेच खरं. मी तोंड उघडायला नको.)

मुनीमजी उठले. दार लोटलं. परत येऊन माझे दोन्ही हात धरले. "पाटवड़ी का मामला है ना?"

"कौन सी पाटवड़ी?"

"अब शर्मिंदा मत करो बावणे! मानता हूं. तुम्हारे डिब्बे में से मैं ही निकालता था."

तर ऐका. गेटवर मुंग्या फार, म्हणून माझा डबा ऑफिसात खुंटीला टांगलेला असायचा. बुढी पाटवड्या द्यायची, आणि दुपारी डबा उघडला की दोनच! मी घरी जाऊन भांडायचो, "अर्धा डबा कावून देतं? मी का पाखरू आहो?" ती म्हणायची, "गच्च भरून देल्ता जी! तुमीच खाऊन इसरता." मी तिला खोटारडी म्हटलं होतं. एकदा नाही, कितीतरी वेळा. आणि इकडं हा बामण इतकी वर्षं माझ्या बायकोच्या पाटवड्यांवर बाळसं धरून राहिला होता!

"भाभी के हाथ में जादू था," मुनीमजी डोळे पुसत म्हणाले. "केस वापस ले लेना, हां?"

राग यायला पाहिजे होता. पण माझं डोकं दुसरीकडंच चाललं. मला वाटलं, हिंदीवाल्यांत नोकरी सोडणाऱ्याला निरोप द्यायची अशी रीत असेल. जाणाऱ्यासमोर आपापल्या चुका सांगून टाकायच्या. म्हटलं, चांगली रीत आहे. आपल्यात नुसता नारळ देतात.

मी गेटवर येऊन स्टुलावर बसलो. पाच मिनिटांत अख्ख्या कारखान्यात बातमी फिरली की काकानं कोणावर तरी केस ठोकली, राजीनाम्याचा कागद आणला, आणि कागदावर नाव नाही! ग्राइंडर बंद. वेल्डिंग बंद. ज्याचा त्याचा हात आपापल्या छातीवर.

पहिला आला दुकालू, आमचा वेल्डर. काळा चष्मा कपाळावर चढवलेला. आला तो थेट माझ्या पायांवर!

"कका, माफी दे दे!"

"अबे, काय झालं?"

"तोर साइकिल ला सांड नइ टोरे रिहिस कका. मैं टोरे रेहेंव!"

म्हणजे माझी सायकल सांडानं मोडली नव्हती, यानं मोडली होती! दोन वर्षांपूर्वी गेटाबाहेर सायकलचं पुढचं चाक पार जिलेबी होऊन पडलेलं. हाच दुकालू म्हणाला, सांडानं धडक दिली. मी काठी घेऊन त्या सांडाच्या मागं धावलो. मग सांड माझ्या मागं धावला. मी महामार्गाच्या नालीत पडलो, तीन दिवस घरी पडून होतो. बुढी पाठीला तेल चोळत म्हणाली होती, "सांड कधी सायकल चालवते काय जी? हे माणसाचं काम आहे." मी म्हटलं, तुले काही समजत नाही.

दुकालूला उठवलं. म्हटलं, "जा, माफ केलं." (त्या सांडाची माफी मागायची राहिली. तो आता नाही, बिचारा.)

मग छोटे सेठ आले. हातात चहा! ज्यानं आजवर मला फक्त गेट उघडायला हॉर्न दिला, तो स्वतःच्या हातानं चहा घेऊन आला.

"काका, वो वीडियो मैंने मजाक में डाला था. इसके लिए कोई केस करता है क्या?"

"कौन सा वीडियो?"

त्यानं घाबरत मोबाईल पुढं केला. बघतो तर मी! स्टुलावर बसून झोपलेलो, तोंड उघडं, आणि घोरण्याचा आवाज असा की मागून यानं मालगाडीची शिटी जोडलेली, तरी शिटी कमी ऐकू येते. हा व्हिडिओ कारखान्याच्या ग्रुपवर, तिथून सेठच्या नातेवाइकांत, तिथून रायपूरच्या सगळ्या कपाटवाल्यांत फिरला होता. वर्षभर गिऱ्हाइकं माझ्याकडं बघून हसत का येतात, ते मला त्या दिवशी कळलं. मी समजत होतो, माझा स्वभाव मनमिळाऊ आहे!

मी व्हिडिओ दोनदा बघितला. तीस वर्षं बुढी सांगत होती, "तुमी घोरता जी." आणि तीस वर्षं मी म्हणत होतो, "मी नाही, शेजारचा घोरते."

म्हणजे तिन्ही बाबतीत बुढीच खरी! आणि तिला जाऊन सांगायची सोय नाही.

दुपारपर्यंत दुर्गहून वकील आला. बडे सेठनी फोन करून बोलावला होता, कारण मुनीमनं त्यांना सांगितलं की मामला संगीन, म्हणजे गंभीर आहे, बावणे नाव सांगायला तयार नाही. वकिलांचं आडनाव पाध्ये. काळा कोट, स्कूटर, घामाघूम. सगळे ऑफिसात जमले. मुनीमजी, दुकालू, छोटे सेठ, आणि खुर्चीत बडे सेठ. माझा कागद त्यांच्या हातात होता.

"बावणे," ते म्हणाले, "मुझ पर केस किया तूने?"

मी काही बोलायच्या आतच ते रडायला लागले. "तेरी गलती नहीं. तीन महीने से तुझे बोलना था कि गोदाम बंद हो रहा है. रोज सोचता था, आज बोलूंगा. रोज तू गेट खोलकर नमस्ते करता था और मेरी जबान बंद. भाभी के बाद तेरे पास यही तो था. किस मुंह से बोलता?"

सत्तरीचा माणूस, सोन्याच्या अंगठ्या, आणि माझ्यासमोर रडतो! चौघांनी आपापली पाळी पार पाडली होती. आता मी एकटाच उरलो. रीत म्हणजे रीत! माझ्याच्यानं राहवलं नाही.

"सेठजी, रोओ मत! चोर तो मैं हूं! चौदा महीने से मैंने आपका कपाट छुपाया है!"

वकील खुर्चीत सरळ बसला. त्याला पहिल्यांदाच कामाचं काही ऐकायला मिळालं होतं.

अख्खी वरात गोदामात गेली. दुकालूनं पुढची कपाटं बाजूला सरकवली. मागच्या भिंतीला पोपटी कपाट उभं, तेल पाजलेलं, एक धूळ नाही, आणि आरशावर माझी पाटी. मी मान खाली घातली.

मी हळूच वर बघितलं. मुनीमजी छताकडं बघून राहिले होते. दुकालू पायानं फरशी घासत होता.

"इसमें छुपाया क्या?" बडे सेठ म्हणाले. "पहले हफ्ते में ही देख लिया था."

"कैसे?"

"कैसे क्या! पूरे कुम्हारी में 'बिका' को 'विका' लिखने वाला एक ही आदमी है. मैंने सबको बोल दिया था, इसको हाथ मत लगाना. भाभी को इसके सामने खड़ी मैंने भी देखा था, बावणे."

चौदा महिने मी लपवत होतो, आणि चौदा महिने सगळा कारखाना मला न दिसल्यासारखं करून राहिला होता. कोणाची मान खाली घालायची पाळी होती आणि कोणाची नाही, मला काही समजेना.

तेवढ्यात वकिलाला काय झालं कोण जाणे. तो पाटीपुढं उभा राहून खो खो हसायला लागला. चष्मा खाली पडला. मग माझ्याकडं वळून चक्क मराठीत म्हणाला, "तुम्ही मराठी का हो?"

"मंग? बावणे का पंजाबी असतेत?"

"अहो, मग वाचा ना काय लिहिलंय! हिंदीत 'बिका', म्हणजे विकलेलं. तुम्ही लिहिलंय 'विका'! मराठीत याचा अर्थ काय?"

मी वाचलं. विका. म्हणजे, विकून टाका!

चौदा महिने मी माझ्याच हातानं त्या कपाटावर 'विका, विका' असं लिहून ठेवलं होतं, आणि या लोकांनी ते विकलं नव्हतं.

"आणि हा राजीनामा," वकिलानं बडे सेठच्या हातातून माझा कागद घेतला, "हाही मराठीतलाच का? नोकरीचा?"

"नोकरीचाच! आणखी कायचा?"

झालं! त्यानं सगळ्यांना हिंदीत फोड करून सांगितलं. केस नाही, थाना नाही, कोर्ट नाही. काका नुसता इस्तीफा देऊन राहिला होता. मग मुनीमजी मोडक्या आवाजात म्हणाले, "तो फिर... पाटवड़ी का... किसी को पता नहीं था?"

"अब है," छोटे सेठ म्हणाले.

दुकालू तोपर्यंत गेटाबाहेर पोचला होता. त्याला धरून आणावं लागलं.

आणि मी? मी दोन मिनिटं तोंड बंद ठेवलं असतं तर मलाही काही कबूल करावं लागलं नसतं. बुढी असती तर खिडकीतूनच ओरडली असती, "तोंड उघडू नका जी!"

पण पाध्ये वकील काही ऐकेनात. म्हणाले, "मी दुर्गहून उन्हात आलोय. आता राजीनामा करूनच जाणार. खरा, हिंदीतला." कपाटाच्याच दारावर कागद ठेवून त्यांनी लिहायला घेतलं. पार्टी नंबर एक, कारखान्याची सगळी मंडळी. पार्टी नंबर दोन, बावणे. दुकालू सायकलला नवं चाक लावून देईल. मुनीमजी महिन्यातून एकदा स्वतःच्या हातानं पाटवड्या करून खुर्सीपारला आणतील. छोटे सेठ व्हिडिओ मिटवतील.

"मिटवू नका," मी म्हटलं. "मले पाठवा. मंदाले दाखवाचा आहे. तिची माय खरं बोलत होती, हे तिले समजलं पायजे."

बडे सेठनी दोन ओळी घातल्या. पोपटी कपाट भाभींचं आहे, त्यांच्याकडं जाईल. आणि नव्या जागेच्या पूजेत नारळ बावणे फोडेल, मग गेट मशीननं उघडो की कशानं.

"करा सही," वकील म्हणाले.

मी पेन घेतला आणि उभाच राहिलो.

"काय झालं?"

"सही कोठी करू?"

ते काही समजले नाहीत. बडे सेठ समजले. ते पुढं आले, वाकले, आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मी तिथं सही केली. बरोबर बोटाच्या बाजूला, एक सूत इकडं तिकडं नाही.

महिना संपला तसं कपाट टेम्पोत टाकून घरी आणलं. मंदा दुर्गहून आली होती. दारातून आत घ्यायला अर्धी गल्ली लागली, आणि गल्लीतल्या प्रत्येकानं विचारलं, "काका, एवढं पोपटी?" मी म्हटलं, "आमच्या बुढीची पसंती आहे. काही म्हणायचं आहे काय?"

बुढीची लुगडी मंदानं त्यात घडी करून ठेवली. मग ती पाटी काढायला बसली. गरम पाणी झालं, रॉकेल झालं, सुरी झाली. पण तो काळा गोंद कपाटाचं रबर जन्मभर धरून ठेवायला बनवलेला! पुठ्ठा हलेना.

"राहू द्या बाबा," मंदा थकून म्हणाली. "जास्त ओढलं तं आरसा फुटन."

म्हणून पाटी अजून तिथंच आहे. रोज सकाळी आंघोळ करून मी त्या आरशापुढं उभा राहतो, आणि माझ्याच उंचीनं लावलेली असल्यामुळं ती बरोबर माझ्या कपाळावर येते. विका हुआ! कपाटावर होती तेव्हा मी एकाही गिऱ्हाइकाला जवळ फिरकू दिलं नाही. आता दोन महिने झाले, मी कपाळावर पाटी लावून बिनकामाचा उभा आहे, हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांत, आणि मेलं एक गिऱ्हाईक भाव विचारायलासुद्धा येत नाही!